श्वास सगळ्यांचा वीस

४ मे

नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म आणला. हॉस्पिटलात आधीपासून नोकरी करणाऱ्यांना पस्तिशीपर्यंत अर्ज करता येतो. मला बत्तीस पूर्ण झाली. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "मुलीसाठी का?" मी म्हटलं, "हो, माझ्या आईच्या मुलीसाठी." त्याला कळायला जरा वेळ लागला.

अकरा वर्षं मी मेडिकल वॉर्डात मदतनीस आहे. बेडपॅन देणं, चादरी बदलणं, माणसांना कुशीवर वळवणं. पेशंट मला मावशी म्हणतात. सत्तरीचे आजोबासुद्धा मावशी म्हणतात. आणि कालपरवा पांढरे बूट घालून आलेली पोरगी मात्र पहिल्या दिवसापासून सिस्टर. तिला पेशंट कसा वळवायचा ते शिकवते मी, आणि पेशंट आभार मानतो तिचे.

शाळा सोडल्याचा दाखला हवा होता म्हणून आईची पत्र्याची पेटी उघडली. दाखला मिळाला. त्याच्या खाली एक पाकीट होतं. माझ्या नावाचं, फोडलेलं, चौदा वर्षांपूर्वीचं. ह्याच नर्सिंग स्कूलमधून आलेलं मुलाखतीचं बोलावणं.

मी अठराची होते तेव्हा आई म्हणाली होती, बोलावणं आलंच नाही. मी महिनाभर पोस्टमनची वाट अडवून विचारत होते. शेवटी तो बिचारा रस्ता बदलून जायला लागला. त्याला किती शिव्या घातल्या मी मनात!

आई भांडी घासत होती. मी पाकीट तिच्यासमोर धरलं. ती हात पुसत म्हणाली, "तेव्हा तुझे वडील अंथरुणाला खिळलेले. तू गेली असतीस तर त्यांना उचललं कोणी असतं?"

"दादाने."

"त्याचं शिक्षण चालू होतं."

म्हणजे माझं नव्हतं. बरोबर आहे. मी म्हटलं, "मग जपून कशाला ठेवलंस? फाडून टाकायचंस."

"फाडवलं नाही," एवढंच म्हणाली आणि पुन्हा भांड्यांकडे वळली.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. कोणाला सांगणार?

१९ मे

पंधरा दिवस आईशी बोलणं म्हणजे "दार लाव" आणि "गॅस बंद कर". बाकी काही नाही.

कामावरून आल्यावर जीवशास्त्र घेऊन बसते. चौदा वर्षांनी पुस्तक हातात घेतलं की पालथ्या घड्यावर पाणी कसं असतं ते कळतं. आज आई खुर्ची ओढून शेजारी बसली आणि हात पुढे केला. "तुला नाडी बघायला कोणीतरी लागेल ना? माझी बघ."

मी म्हटलं, "प्रवेश परीक्षेत नाडी नसते. लेखी असतं सगळं."

तरी थोडा वेळ हात तसाच टेबलावर ठेवून बसली होती. लाच द्यायची तर जरा मोठी तरी द्यावी माणसाने.

२७ जून

परीक्षा झाली. वर्गाच्या दारात पर्यवेक्षक म्हणाला, "पालकांनी बाहेर थांबा." सगळ्या पोरी वळून बघायला लागल्या. मी हॉल तिकीट त्याच्या नाकासमोर धरलं.

एका प्रश्नात विचारलं होतं, निरोगी प्रौढ माणूस मिनिटाला किती श्वास घेतो? मला हसूच आलं. पुस्तकात बारा ते वीस आहे, तेच लिहिलं. पण वॉर्डात विचाराल तर उत्तर एकच. श्वास सगळ्यांचा वीस. आमची इन्चार्ज सिस्टर नव्या पोरींना पहिल्याच दिवशी सांगते, "ताप मोज, नाडी मोज, श्वास वीस लिही, पुढे चल." दम्याने खुर्चीत वाकून बसलेला असो की पाय मोडून आरामात पडलेला असो, चार्टवर वीस. एकदा एक आजोबा पहाटे गेले. त्यांच्या चार्टवर सकाळी आठचा श्वाससुद्धा वीसच होता. कोणीतरी आधीच भरून ठेवला होता.

२ ऑगस्ट

प्रतीक्षा यादीत तिसरी होते. वरच्या पोरींना दुसरीकडे जागा मिळाली आणि माझं घोडं गंगेत न्हालं. दादाने फोनवर विचारलं, "या वयात कशाला दगदग?" वहिनी मागून म्हणाली, "आईंकडे कोण बघणार मग?" लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच काळजी वाटली तिला.

आईने शेजारी सगळीकडे सांगून टाकलं, आमची सिस्टर होणार. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "चौदा वर्षांपूर्वीच झाले असते." ती आत निघून गेली. बरं वाटलं मला. खोटं कशाला लिहू?

१४ जानेवारी

मधल्या अडीच वर्षांत डायरीला हात लावला नाही. लिहिण्यासारखं एवढंच की पोरी मला वर्गातही मावशीच म्हणतात, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी नोट्स मात्र माझ्याच मागतात.

आता शेवटचं वर्ष. मे महिन्यात अंतिम परीक्षा आहे. त्याआधी गृहनिरीक्षणाची वही द्यायची. घरातली एक व्यक्ती धरायची आणि सलग शंभर दिवस तिचं तापमान, नाडी, श्वास मोजून लिहायचा. वही नाही तर परीक्षेला बसता येत नाही, आणि परीक्षा नाही तर नर्स म्हणून नोंदणी नाही. म्हणजे पुन्हा बेडपॅन.

वही तपासणार आमच्या ट्यूटर, घड्याळबाई. त्यांचं घड्याळ गणवेशावर उलटं टाचलेलं असतं, म्हणजे वेळ फक्त त्यांनाच दिसते. आज त्यांनी पुन्हा शिकवलं, "नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. श्वास मोजताय हे पेशंटला कळलं की तो श्वास बदलतो. म्हणून मनगट धरून ठेवा आणि नजर छातीवर. पूर्ण मिनिट. अर्धा नाही, पूर्ण मिनिट." मी मान डोलावली. ज्यांनी वॉर्ड पुस्तकात पाहिलाय त्यांना मिनिटं परवडतात.

मी हे घरी येऊन मोठ्याने पाठ केलं. आई ऐकत होती. तिने हात पुढे केला.

११ फेब्रुवारी

वहीचे अठ्ठावीस दिवस झाले. रोज संध्याकाळी आई त्याच खुर्चीत, त्याच टेबलावर, हात उताणा ठेवून बसते. मी थर्मामीटर लावते, नाडी पंधरा सेकंद मोजून चारने गुणते, श्वास वीस लिहिते. चार मिनिटांत मोकळी. अक्षर मात्र छान काढते, कारण घड्याळबाईंना टापटीप आवडते.

आज आई जिन्यात दोनदा थांबली. पिशवी माझ्याकडे दिली आणि कठड्याला टेकून शेजारणीशी गप्पा मारत उभी राहिली. मला उद्याच्या चाचणीचा अभ्यास आणि हिला गप्पा सुचतायत. शेजारीण तर कधीच आत निघून गेली होती. ही आपली उभीच.

२ मार्च

आईला चपला आवळतात म्हणे. भंगारवाल्यानेसुद्धा घेतल्या नसत्या इतक्या जुन्या चपला, आणि त्या आता आवळायला लागल्या. वरच्या नंबरच्या नव्या आणून दिल्या. या वयात पाय वाढतात हे वैद्यकशास्त्राला मी कळवायला हवं. ती म्हणाली, "संध्याकाळीच आवळतात गं, सकाळी बसतात." नखरे.

आजची नाडी शहाण्णव. जिना चढून आली होती म्हणून असेल.

१९ मार्च

हृदय कमकुवत होण्याची लक्षणं पाठ केली. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. "चढताना दम लागतो. संध्याकाळी पावलांवर सूज येते, दाबलं की खड्डा पडतो. आडवं झाल्यावर घुसमटतं. रोग्याला विचारावं, झोपताना किती उशा लागतात?" मी येरझाऱ्या घालत दहा वेळा म्हटलं. आई भिंतीला टेकून ऐकत होती. मी विचारलं, "चुकलं का काही?" ती म्हणाली, "नाही. अगदी बरोबर म्हणालीस."

माझी उशी दोन दिवस सापडत नाहीये. बघितलं तर आईच्या अंथरुणावर. तिच्या दोन आणि माझी एक. मी दाखवून दाखवून चादरीची घडी डोक्याखाली घेतली.

८ एप्रिल

आज भांडण झालं. मी वॉर्डातून दमून आले तर घरात झाडू नाही, पाणी भरलेलं नाही, आणि आई खुर्चीत डोळे मिटून. हल्ली झोपतेही तिथेच, गादी टोचते म्हणे. मी म्हटलं, "सगळं मीच करायचं का? परीक्षा तुझी आहे की माझी? आधी माझी चौदा वर्षं खाल्लीस, आता हे वर्षही खा."

ती उठली, टेबलाला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "वही आण. आजचं राहिलंय."

नाडी एकशे चार. श्वास वीस.

२५ एप्रिल

वही काल संपली. शंभर दिवस, एकही खाडा नाही, एकही खाडाखोड नाही. घड्याळबाईंनी पानं भराभर उलटली आणि लिहिलं, "नियमित व नीटनेटके." पंचवीसपैकी पंचवीस!

संध्याकाळी आई सवयीने टेबलाशी येऊन बसली, हात पुढे. मी म्हटलं, "वही संपली गं. आता नको." तिने हात पदराखाली घेतला.

१३ मे

प्रात्यक्षिक झालं. आधी ते लिहिते, कारण तेच आधी घडलं.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी मला खिडकीजवळची खाट दिली. एक म्हातारी बाई होती. पायथ्याच्या चार्टवर सकाळचा श्वास वीस. परीक्षक हातभर अंतरावर घड्याळ घेऊन उभ्या, म्हणून मी मनगट सोडलं नाही. नजर छातीवर ठेवली. पूर्ण मिनिट. पूर्ण मिनिट किती लांब असतं ते मला आज कळलं. बत्तीस आले.

"किती?"

चार्टशी जुळवून वीस म्हणावं असं क्षणभर वाटलं. तरी म्हटलं, "बत्तीस."

"चार्टवर वीस आहे. चार्ट खोटा की तुम्ही?"

"चार्ट, मॅडम."

त्यांनी स्वतः मोजले. बत्तीसच. म्हणाल्या, "आज सकाळपासून बरोबर सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच." मी बाहेर आले ती हवेतच. तिघी पोरींनी विचारलं, "मावशी, काय झालं?" मी म्हटलं, "सिस्टर म्हणायला शिका आता."

तीन वाजता घरी पोहोचले. आई खुर्चीत होती. मी म्हटलं, "ऊठ, सरळ बस, तुला दाखवते कसं केलं ते." तिचं मनगट धरलं आणि नजर छातीवर ठेवली. आधी गंमत म्हणून मोजत होते. वीसला पोहोचले तेव्हा काटा अर्ध्यावरच होता. मी मोजत राहिले. अडतीस.

"किती?" तिने विचारलं.

"अडतीस."

"आज बराच वेळ धरलास हात."

"आई, रोज असंच होतं का गं?"

"रोज तू कुठे मोजायचीस? नाडी झाली की सोडून द्यायचीस." मध्ये थांबून तिने दम घेतला. "तूच मोठ्याने पाठ करायचीस ना, पूर्ण मिनिट म्हणून. मला कळायचं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझी परीक्षा होती."

मी खाली बसून तिच्या पावलाला बोटाने दाबलं. खड्डा पडला. मी वाट बघितली, तो भरून येईना. काखेत कळसा आणि गावाला वळसा. एवढं करून वळसासुद्धा आईच्याच अंगणात घातला मी.

१४ मे

आई माझ्याच वॉर्डात, अकरा नंबरच्या खाटेवर. डॉक्टर, तिशीच्या आतला मुलगा असेल, त्याने विचारलं, "दम केव्हापासून लागतो?" मला सांगता येईना. आई म्हणाली, "आत्ताच. दोन-तीन दिवस." अजूनही मला सांभाळत होती.

शंभर दिवसांची वही माझ्या पिशवीत होती. दिली. त्याने पानं चाळली आणि विचारलं, "नाडी एकशे चार, एकशे दहा. आणि श्वास रोज वीस? हे कोणी लिहिलं?"

मी घरी जाऊन ही डायरी आणली. कॉरिडॉरच्या बाकावर बसून कागदावर उतरवून काढलं. अकरा फेब्रुवारी, जिन्यात थांबली. दोन मार्च, पाय सुजले. एकोणीस मार्च, तीन उशा. आठ एप्रिलच्या आधीपासून खुर्चीत झोपते. सगळं होतं. तारखेसकट. चिडून चिडून लिहिलेलं, पण होतं. वहीत काही नव्हतं.

डॉक्टरने कागद वाचला. म्हणाला, "फेब्रुवारीत आणायला हवं होतं." मी नर्सिंगची आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही.

१७ मे

दादा आणि वहिनी येऊन गेले. वहिनी म्हणाली, "घरात नर्स असून असं कसं झालं?" मी आईच्या पायांवरची चादर नीट केली.

दुपारी पहिल्या वर्षाची एक पोरगी चार्ट भरत आली. आईचं मनगट धरलं, सोडलं, लिहिलं, पुढच्या खाटेकडे गेली. मी बघितलं. वीस. मी तिच्यावर ओरडले नाही. कोणत्या तोंडाने ओरडणार? मी पूर्ण मिनिट मोजलं, वीस खोडून छत्तीस लिहिलं आणि सही केली. आई बघत होती. हसली बहुतेक, ऑक्सिजनच्या मास्कमुळे नीट दिसलं नाही.

संध्याकाळी मास्क बाजूला करून म्हणाली, "तेव्हा तुला ठेवून घेतलं घरात. आता पुन्हा आजारपण सांगून ठेवून घेतलं असतं, तर तू मला माफ केलं नसतंस."

तेव्हाचंही कुठे केलं होतं? हे मी म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं की केलं. तेही म्हटलं नाही. मास्क नीट बसवला.

२६ मे

आई सकाळी नऊ वाजता गेली. मनगट माझ्या हातात होतं. मी मोजत होते. बारा, मग आठ, मग मोजायला काही उरलं नाही.

२० जून

निकाल लागला. पास. प्रात्यक्षिकात वर्गात पहिली. पांढरे बूट खाटेखाली आहेत. प्रवेश मिळाला तेव्हा आईने एकदा पॉलिश केले होते, तेव्हापासून दर रविवारी तीच करायची.

२२ जून

घड्याळबाईंनी वही घेऊन बोलावलं. म्हणाल्या, नव्या तुकडीला दाखवायला नमुना म्हणून माझी वही ठेवून घ्यायची आहे. आईचं कळलं, वाईट झालं, असंही म्हणाल्या.

मी रात्रंदिवस जे घोकत होते ते सांगून टाकलं. नोंदणीचं जे व्हायचं ते होवो. "वही खोटी आहे. श्वास मी एकदाही मोजला नाही. माझ्या आईचा श्वास वीस नव्हता."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "कोणाचाच नसतो गं. पण रकाना रिकामा ठेवता येत नाही."

"तुम्हाला माहीत होतं?"

"नाडी एकशे दहा आणि श्वास वीस. पहिल्या नजरेत दिसतं."

"मग विचारलं का नाही?"

त्यांची नजर छातीवरच्या घड्याळाकडे गेली. "पन्नास वह्या होत्या. आणि तुझं अक्षर चांगलं."

वाटलं होतं, त्या शिक्षा देतील. शिक्षा मिळाली असती तर बरं झालं असतं. मी वही परत मागितली. त्या म्हणाल्या, वही शाळेची झाली, मिळत नाही. बाहेर आले तेव्हा त्या तिला तपकिरी कव्हर घालत होत्या.

१ ऑगस्ट

सिस्टर म्हणून पहिला दिवस. तोच वॉर्ड, तीच इन्चार्ज, अठ्ठावीस खाटा. पहिल्या खाटेवरच्या आजोबांनी हाक मारली, "सिस्टर." चौदा अधिक तीन वर्षं वाट बघितली या हाकेची. मागे वळून बघितलं, दुसरी कोणी आहे का म्हणून.

त्यांचं मनगट धरलं. पूर्ण मिनिट. चोवीस. दुसऱ्या खाटेला पूर्ण मिनिट. तिसऱ्या खाटेला पूर्ण मिनिट. अकरा नंबरवर आता एक तरुण बाई आहे, तिथे मी दोनदा मोजलं. इन्चार्ज लांबून ओरडली, "अगं ए, आज संपवायचंय की पुढच्या महिन्यात? नऊची औषधं कोण देणार, तुझा काका?"

साडेआठ वाजले होते. अकरा खाटा झाल्या होत्या, सतरा उरल्या होत्या. तापमान आणि नाडी सगळ्यांची घेतली. नऊची औषधं नऊला दिली. इन्चार्जने चार्ट बघितले आणि म्हणाली, "शिकशील हळूहळू."

उरलेल्या सतरा रकान्यांत मी काय लिहिलं ते आईला विचारावं लागलं नसतं. हात किती वेळ धरला, यावरूनच तिला कळलं असतं.